परदेश दौऱ्यात जुन्या गाडीतील नॅव्हिगेशन वारंवार बंद पडते: दोष कोठे शोधावा आणि कसा दूर करावा

जुनी गाडी जहाजाने परदेशी नेऊन तेथे चालवणाऱ्यांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. सोलापुरात व्यवस्थित चालणारे नॅव्हिगेशन तेथे दुपारपर्यंत मान टाकते, बाण रस्ता सोडून शेतातून धावू लागतो, किंवा इंजिन सुरू असताना फोनची बॅटरी भरण्याऐवजी उतरत जाते. परतल्यावर तोच फोन आधुनिक गाडीत लावला की सारे सुरळीत चालते. त्यामुळे दोष परदेशी नेटवर्कचा किंवा उपग्रहांचाच होता असा समज पक्का होतो आणि पुढच्या दौऱ्यात तीच अडचण नव्याने उभी राहते. माझ्या मते अशा बहुतेक प्रकरणांत दोष आकाशात नसतो. तो गाडीची बॅटरी आणि फोन यांच्यामधल्या दोन हात वायरीत असतो आणि तो गाडी सोलापुरातून हलण्यापूर्वीच शोधता येतो.

हा दोष घरी का दिसत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. सोलापूरहून तुळजापूर किंवा अक्कलकोट हा प्रवास तासाभराचा असतो, रस्ता तोंडपाठ असतो आणि फोन घरून पूर्ण भरून नेलेला असतो. चार्जर मुळीच काम करत नसला, तरी फोनच्या स्वतःच्या बॅटरीवर तेवढा वेळ सहज निघून जातो. परदेशात मात्र पडदा पूर्ण उजेडावर ठेवून सात-आठ तास चालवावे लागते, पावसात वायपर आणि भरदिवसा हेडलाइट लावावे लागतात आणि डायनामोकडे (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडे) शिल्लक राहणारी ताकद नेमकी त्याच वेळी संपते. म्हणून घरची चाचणी छोट्या फेरीची नसावी. नळदुर्गमार्गे किंवा विजयपूरच्या रस्त्याने, हेडलाइट सुरू ठेवून, निम्म्या चार्जिंगच्या फोनने पूर्ण दिवसाची चाचणी केली, तरच गाडीचे खरे रूप कळते.

पहिली चाचणी: दोष उपग्रहाचा की गाडीचा

होम मैदानासारख्या मोकळ्या जागी, जेथे आकाश चारही बाजूंनी उघडे आहे, गाडी उभी करावी. उपग्रहांची संख्या आणि प्रत्येकाच्या संदेशाची तीव्रता दाखवणारी मोफत अ‍ॅप उपलब्ध आहेत, त्यांपैकी एखादे फोनवर घ्यावे. फोन त्याच्या ठरलेल्या जागी, म्हणजे काचेजवळच्या धारकात बसवून तीन नोंदी कराव्यात. पहिली नोंद इंजिन बंद आणि चार्जर काढलेला असताना, दुसरी इंजिन सुरू करून पण चार्जर न जोडता, आणि तिसरी इंजिन सुरू ठेवून चार्जर जोडल्यावर. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या उपग्रहांची तीव्रता चाळीस डेसिबल-हर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून अधिक दिसते. दुसऱ्या नोंदीत सगळेच आकडे एकदम खाली आले, तर दोष इग्निशनमध्ये, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत आहे. तिसऱ्या नोंदीत आले, तर चार्जरमध्ये आहे. तिन्ही नोंदी सारख्याच आणि चांगल्या असतील, तर उपग्रहांच्या बाजूने काहीही बिघडलेले नाही आणि पुढचा शोध वीजपुरवठ्यात किंवा नकाशात घ्यावा.

हे आकडे एवढे नाजूक असण्याचे कारण साधे आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून १५७५.४२ मेगाहर्ट्झ या लहरींवर संदेश पाठवतात आणि तो जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याची शक्ती एका वॅटच्या कोटी-अब्जाव्या भागाइतकी उरलेली असते. त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, एखादा स्वस्त चार्जर किंवा उघड्या ठिणग्या उडवणारा डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज देणारा भाग) विद्युत गोंगाट करत असेल, तर फोनला तो संदेश वेगळा काढणे अवघड जाते. जुन्या गाडीच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. तिच्या काचेवर धातूचा मुलामा किंवा तापवणाऱ्या तारा नसतात आणि उघड्या टूररला तर छतच नसते. त्यामुळे काचेतून संदेश न येण्याची आधुनिक गाड्यांतील अडचण येथे जवळजवळ उद्‌भवत नाही.

वीजपुरवठा: खरा गोंधळ येथेच आहे

गाडी सहा व्होल्टची आहे की बारा व्होल्टची, आणि तिची अर्थिंग पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचे कोणते टोक गाडीच्या पत्र्याला जोडले आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवावीत, कारण परदेशात मदतीला येणारा मेकॅनिक सर्वांत आधी हेच विचारील. ऑस्टिन सेव्हन आणि मॉरिस एट या युद्धपूर्व छोट्या गाड्या सहा व्होल्टच्या होत्या. शेव्हरोले १९५४ पर्यंत सहा व्होल्टवर होती आणि १९५५ च्या मॉडेलपासून बारावर गेली. अमेरिकेत विकली जाणारी फोक्सवॅगन बीटल १९६६ च्या मॉडेलपर्यंत सहा व्होल्टची असे. अर्थिंगच्या बाबतीत युद्धोत्तर काळातील बऱ्याच ब्रिटिश गाड्या, त्यांत मॉरिस मायनर आणि एमजीही आल्या, पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांतील बहुतेक मॉडेल निगेटिव्हवर आली. मात्र पुस्तकावर विसंबू नये. एवढ्या वर्षांत किती वायरमनांचे हात गाडीला लागले असतील याचा हिशेब नसतो, तेव्हा बॅटरीच्या कोणत्या टर्मिनलवरून जाड पट्टी चेसिसला गेली आहे ते डोळ्यांनी पाहावे आणि मल्टीमीटरने खात्री करून घ्यावी.

पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत बाजारातील लायटर सॉकेट नेहमीप्रमाणे डॅशबोर्डच्या पत्र्यात बसवले, तर त्याचे बाहेरचे नळकांडे पॉझिटिव्ह होते आणि मधला खिळा निगेटिव्ह. प्रत्येक चार्जर याच्या नेमक्या उलट मांडणीसाठी बनवलेला असतो. त्यामुळे तो एकतर फ्यूज उडवतो किंवा पहिल्याच जोडणीत जळतो. यावर अनेकजण सॉकेट रबरात बसवून, पत्र्यापासून वेगळे करून, दोन वायरी उलट जोडतात. चार्जर चालू होतो, फोन भरू लागतो आणि काम झाले असे वाटते. खरा धोका येथूनच सुरू होतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

यूएसबी वायरीच्या टोकाचे धातूचे आवरण फोनच्या निगेटिव्हशी जोडलेले असते. वायरी उलट जोडलेल्या गाडीत हे आवरण बॅटरीच्या निगेटिव्हवर असते आणि गाडीचा सगळा पत्रा पॉझिटिव्हवर. हे टोक हातातून निसटून डॅशबोर्डच्या उघड्या धातूला, हँडब्रेकला किंवा सीटच्या चौकटीला लागले, तर तो सरळसरळ बॅटरीचा शॉर्ट असतो. लोहचुंबकाच्या बुडाचा बाहेरचा अँटेना छतावर चिकटवला, किंवा डॅशकॅमचा मागचा कॅमेरा पत्र्याला स्क्रूने बसवला, तरी परिणाम तोच होतो. घरी हे घडत नाही, कारण घरी सगळे जागच्या जागी असते. परदेशात सामान हलते, वायर पायात येते, सहप्रवासी आपला फोन त्याच सॉकेटला लावतो आणि मग वायरीतून धूर निघतो. लाकडी चौकटीच्या, कापडी अस्तराच्या आणि पायाशी पेट्रोलची टाकी असलेल्या गाडीत हा धोका पत्करण्यासारखा नाही.

यावरचा योग्य उपाय म्हणजे आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर. यात आत येणारी वीज आणि बाहेर जाणारी वीज यांच्यात थेट धातूचा संबंध नसतो, मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्यामुळे आतली बाजू गाडीच्या अर्थिंगप्रमाणे जोडता येते आणि बाहेरची बाजू कोणत्याही पत्र्याला लागली तरी शॉर्ट होत नाही. दुकानदार आयसोलेटेड म्हणून साधाच कन्व्हर्टर हाती देण्याची शक्यता असते, तेव्हा जोडण्यापूर्वी मल्टीमीटरने आतल्या आणि बाहेरच्या निगेटिव्हमधला रोध मोजावा. तो ओहमच्या मापात शून्याजवळ दिसला, तर वस्तू आपल्या कामाची नाही. इनपुटची मर्यादाही वाचावी. ९ ते ३६ व्होल्टचा कन्व्हर्टर बारा व्होल्टच्या गाडीला उत्तम आहे, पण सहा व्होल्टच्या गाडीत तो सुरूच होणार नाही.

केवळ फोनसाठी गाडीची संपूर्ण अर्थिंग उलटी करून घेण्याचा सल्लाही दिला जातो. तसे करता येते. डायनामोला नव्याने ध्रुवता द्यावी लागते, अँमीटर (बॅटरीत वीज जाते की बाहेर येते ते दाखवणारा काटा) आणि कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारे वेटोळे) यांच्या वायरी बदलाव्या लागतात. तरीही मी ते सुचवणार नाही, कारण मूळ रचना जपणे हाच अशा गाडीच्या सांभाळाचा गाभा आहे आणि मुठीएवढ्या कन्व्हर्टरने काम होत असताना ती मोडण्याचे कारण उरत नाही. त्याच न्यायाने डॅशबोर्डला नवे भोकही पाडू नये. कन्व्हर्टर पायाजवळ, जुन्याच स्क्रूच्या पट्टीवर बसवावा.

सहा व्होल्टच्या गाडीची अडचण वेगळी आहे. फोनला ५ व्होल्ट लागतात आणि साधा चार्जर व्होल्टेज फक्त कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. गाडी वेगात असताना डायनामो सात व्होल्टच्या आसपास देतो, तेव्हा चार्जर कसाबसा चालतो. पण चौकात गाडी थांबली, डायनामोची गती घटली आणि हेडलाइट सुरू असले की व्होल्टेज सहाच्या खाली येते, लांब आणि बारीक वायरीत त्यातलेही काही गळते आणि फोन चार्जिंग सोडून देतो. चालकाला ते कळत नाही, कारण गाडी पुढे निघाली की चार्जिंगची खूण पुन्हा उमटते. येथे गरजेप्रमाणे व्होल्टेज वाढवणारा आणि कमी करणाराही कन्व्हर्टर घ्यावा, त्याची इनपुट मर्यादा साडेचार व्होल्टपासून सुरू होत असावी आणि गाडी पॉझिटिव्ह अर्थची असल्यास तो आयसोलेटेडही असावा.

डायनामोच्या ताकदीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. लुकास या ब्रिटिश कंपनीचा सी-४० हा डायनामो भरात असताना २२ अँपिअर देतो. बारा व्होल्टच्या गाडीत ४५ वॅटचे दोन हेडलाइट साडेसात अँपिअर घेतात. मागचे दिवे, कॉइल आणि वायपर मिळून आणखी सात-आठ धरले, तर पंधराच्या आसपास खर्च होतो आणि फोनचा एक अँपिअर त्यात सहज सामावतो. सहा व्होल्टच्या गाडीत मात्र त्याच दहा वॅटच्या फोनला गळती धरून दोन अँपिअर लागतात आणि युद्धपूर्व छोट्या गाडीचा डायनामो सी-४०च्या तुलनेत बराच दुबळा असतो. शिवाय कोणताही डायनामो मंद गतीवर चार्ज करत नाही, तेव्हा शहरातील वाहतूक कोंडीत फोनसह सगळा भार एकट्या बॅटरीवर पडतो. अँमीटरचा काटा सतत उणेकडे झुकत असेल, तर एका फोनहून अधिक काहीही त्या गाडीला जोडू नये.

वायर जोडताना ती अँमीटरच्या पलीकडून, म्हणजे इतर उपकरणांना वीज जाते त्या बाजूने घ्यावी. थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घेतली, तर त्या भाराबाबत अँमीटर चुकीचे चित्र दाखवतो. जोडणीच्या अगदी सुरुवातीला तीन अँपिअरचा फ्यूज हवाच. तसेच इंजिन सुरू करताना स्टार्टर क्षणभर व्होल्टेज खाली ओढतो आणि स्वतंत्र नॅव्हिगेशन यंत्र असेल तर ते बंद होऊन पुन्हा सुरू होते, म्हणून इंजिन लागल्यावरच प्लग जोडण्याची सवय ठेवावी.

ज्यांना हे सारे नको आहे त्यांच्यासाठी पॉवर बँक हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. माझ्या मते सहा व्होल्टच्या छोट्या गाडीसाठी तोच पहिला पर्याय असावा. लंडन ते ब्रायटन या दरवर्षी नोव्हेंबरात होणाऱ्या दौडीत १९०५ पूर्वीच्या गाड्या धावतात. त्यांपैकी अनेक गाड्यांत चार्ज करणारा डायनामोच नसतो, तेथे दुसरा मार्गही नाही. वीस हजार एमएएचच्या पॉवर बँकेत ७४ वॅट-अवर ऊर्जा असते. ती विमानात हातातील सामानातूनच न्यावी लागते आणि शंभर वॅट-अवरपर्यंत विमान कंपनीची वेगळी परवानगी सहसा लागत नाही. गाडीबरोबर कंटेनरमध्ये ती कधीही ठेवू नये. बंद लोखंडी खोक्यात लिथियम बॅटरी धोकादायक ठरते आणि जहाज कंपनी तिला स्वतंत्र घोषणेशिवाय स्वीकारत नाही.

विद्युत गोंगाट

तिसऱ्या नोंदीत आकडे घसरले असतील, तर प्रथम चार्जर बदलून पाहावा. स्वस्त चार्जर आणि डॅशकॅम उपग्रहांच्या लहरींवर गोंगाट करतात, हे जुन्या-नव्या दोन्ही गाड्यांत दिसून येते. बदलूनही फरक पडला नाही, तर चार्जर आणि फोन यांत किमान हातभर अंतर ठेवावे आणि वायरीवर फेराइटचे, म्हणजे गोंगाट शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे, कडे चढवावे.

दुसऱ्या नोंदीत घसरण दिसली, तर इग्निशनकडे वळावे. जुन्या गाड्यांच्या प्लग वायरींत निव्वळ तांब्याची तार असते आणि ठिणगीचा सारा गोंगाट ती अँटेनाप्रमाणे बाहेर फेकते. रोध असलेल्या प्लग टोप्या किंवा पाच किलोओहम रोधाचे प्लग लावले की तो बऱ्याच अंशी दबतो. डायनामोच्या मुख्य टर्मिनलवर एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. मात्र तो फील्डच्या टर्मिनलवर लावू नये, तेथे तो रेग्युलेटरचे (डायनामोचे व्होल्टेज आवरणाऱ्या पेटीचे) संपर्क खराब करतो. मॅग्नेटोच्या, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, गाडीत रोधाच्या टोप्या लावण्यापूर्वी जाणत्या कारागिराला विचारावे. अखेरीस इंजिन आणि चेसिस यांच्यामधली अर्थिंगची पट्टी घासून स्वच्छ करावी. तेलाने माखलेली किंवा गंजलेली पट्टी एकाच वेळी व्होल्टेज खाते आणि गोंगाटही वाढवते. हे काम फुकटात होते, म्हणून खर्चाच्या उपायांआधी करावे.

कंटेनर उघडल्यावर यंत्र हरवलेले का वाटते

न्हावाशेवाहून निघालेली गाडी साउथॅम्प्टनला किंवा अँटवर्पला पोहोचेपर्यंत कित्येक आठवडे जातात. खणात ठेवलेल्या स्वतंत्र नॅव्हिगेशन यंत्राच्या स्मृतीत शेवटची जागा भारतातील असते आणि उपग्रहांच्या स्थितीची माहिती केव्हाच शिळी झालेली असते, कारण तिचे आयुष्य काही तासांचेच असते. प्रत्येक उपग्रहाकडून ही माहिती नव्याने मिळायला अखंड तीस सेकंद लागतात आणि सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक मिळायला साडेबारा मिनिटे. बंदराच्या उंच कंटेनरांच्या रांगांतून चालत्या गाडीत हे तीस सेकंद वारंवार तुटतात आणि यंत्र तासभर चाचपडत राहते. बंदराबाहेर पडताच मोकळ्या जागी गाडी थांबवून पंधरा मिनिटे ते उघड्या आकाशाखाली ठेवले, की अडचण मिटते. फोन ही माहिती इंटरनेटवरून काही क्षणांत मिळवतो, पण त्यासाठी त्या देशातले सिम किंवा रोमिंग आधी सुरू असले पाहिजे.

येथे नाविक या भारताच्या स्वतःच्या उपग्रह-दिशादर्शन प्रणालीविषयीही एक खुलासा करणे आवश्यक आहे. इस्रोची ही प्रणाली भारत आणि सीमेपासून सुमारे दीड हजार किलोमीटरच्या पट्ट्यासाठी उभारलेली आहे. नेपाळ, भूतान आणि श्रीलंका त्या पट्ट्यात येतात, युरोप येत नाही. युरोपात फोन अमेरिकेचे जीपीएस आणि युरोपचे गॅलिलिओ यांवरून आपोआप काम चालवतो, तेव्हा सेटिंगमध्ये काही बदलण्याची गरज नाही.

बाण उलट दिशा दाखवत असेल

चौकात उभ्या गाडीला आपले तोंड कोणीकडे आहे हे उपग्रहांवरून कळत नाही. ते कळायला गाडी हलावी लागते. उभे असताना फोन आपल्या आतल्या होकायंत्रावर विसंबतो आणि जुन्या गाडीचा जाड पोलादी डॅशबोर्ड व लोहचुंबकाचा धारक त्या होकायंत्राची दिशाभूल करतात. घाटात दहाच्या वेगाने चढणाऱ्या गाडीतही हे दिसते. चुंबकाऐवजी पकडीचा धारक वापरावा आणि निघताना पहिली दीडशे-दोनशे पावले सूचनेवर अवलंबून न राहता गाडी सरळ जाऊ द्यावी.

बोगद्यांत तर उपग्रह दिसतच नाहीत. मोंब्लांचा बोगदा ११.६ किलोमीटरचा आहे. आधुनिक गाडीचे अंगभूत यंत्र चाकांच्या फेऱ्यांवरून अंदाज बांधते, जुन्या गाडीत ती सोय नाही. बोगद्यातून बाहेर पडताच कोणते वळण आहे, ते आत शिरण्यापूर्वी सहप्रवाशाने वाचून ठेवावे.

नकाशा, पत्ता आणि उणे चिन्ह

उपग्रह आणि वीज दोन्ही ठीक असताना गाडी भलतीकडे जात असेल, तर पत्ता कसा भरला ते पाहावे. भारतात सर्व ठिकाणे विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि ग्रिनिचच्या पूर्वेला असल्याने आपल्याला अक्षांश-रेखांशांत उणे चिन्ह वापरण्याची सवयच नाही. इंग्लंडचा बहुतांश भाग ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे. ऑक्सफर्ड ५१.७५ उत्तर आणि उणे १.२६ वर आहे. ते उणे राहून गेले, तर यंत्र सुमारे १७० किलोमीटर पूर्वेला, क्लॅक्टनच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातील बिंदू दाखवते. रॅलीच्या मार्गपुस्तिकेत अंश आणि मिनिटे दिलेली असतात आणि फोन दशांश मागतो, हीदेखील नेहमीची चूक आहे. सोलापूर १७ अंश ३९.६ मिनिटांवर आहे, म्हणजे दशांशात १७.६६. ते १७.३९६ असे भरले, तर मुक्काम २९ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. मिनिटांना साठने भागून मगच आकडा भरावा.

गावांची नावेही फसवतात. आपल्याकडे वडगाव आणि पिंपरी तालुक्यागणिक सापडतात, तशी जर्मनीत नॉयश्टाट आणि फ्रान्समध्ये व्हिलनव्ह नावाची गावे ठिकठिकाणी आहेत. २००९ मध्ये एका स्वीडिश दांपत्याने यंत्रात काप्रीऐवजी कार्पी असे भरले आणि समुद्रातील बेटाऐवजी ते उत्तर इटलीतील कारखान्यांच्या गावी पोहोचले. गावाबरोबर पिनकोड आणि प्रांत भरला, तर हे टळते. मात्र ब्रिटनच्या ग्रामीण भागात एकच पोस्टकोड मैलभर पसरलेला असू शकतो.

नकाशे निघण्यापूर्वी वायफायवर फोनमध्ये उतरवून घ्यावेत. भारतात घेतलेल्या स्वतंत्र यंत्रात युरोपचे नकाशे असतीलच असे नाही. गूगलच्या ऑफलाइन नकाशांची मुदत संपते आणि त्यांत वाहतुकीची ताजी माहिती मिळत नाही, म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवर आधारित एखादे दुसरे अ‍ॅपही जोडीला ठेवावे.

मार्गाची निवड हा यंत्राच्या आवाक्याबाहेरचा विषय आहे. यंत्राला गाडीचे वय कळत नाही. ते सर्वांत जलद रस्ता म्हणून जर्मनीचा महामार्ग सुचवते, जेथे ६० किलोमीटरहून अधिक वेग गाठण्याची क्षमता नसलेल्या वाहनांना प्रवेशच नाही, किंवा सर्वांत जवळचा म्हणून २,७५७ मीटर उंचीची स्टेल्व्हिओ खिंड दाखवते, जिच्या एका बाजूला ४८ तीव्र वळणे आहेत. महामार्ग टाळण्याचा पर्याय सुरू ठेवावा, चढ आधी तपासावेत आणि यंत्राने दिलेल्या पोहोचण्याच्या वेळेत गाडीच्या गतीनुसार मोकळ्या हाताने भर घालावी. ब्रिटनमध्ये अंतर व वेग मैलांत ठेवावेत, कारण रस्त्यावरच्या पाट्या मैलांत असतात.

कायद्याच्या दोन गोष्टी

फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि जर्मनीत वेगमापक कॅमेऱ्यांची जागा आधी सांगणारी सूचना चालकाने वापरण्यास मनाई आहे. जुनी गाडी वेगमर्यादा ओलांडण्याची शक्यता कमी असली, तरी सूचना सुरू असणे हाच गुन्हा ठरू शकतो, तेव्हा सीमेपूर्वीच ती बंद करावी. दुसरी गोष्ट परतीची आहे. उपग्रहाचा संदेश केवळ घेणारे जीपीएस यंत्र आणि उपग्रहामार्फत निरोप पाठवणारे यंत्र यांत कायदा फरक करतो. थुराया किंवा इरिडियमवर चालणारा फोन वा संदेशयंत्र भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाही आणि विमानतळावर त्यावरून कारवाई झालेली आहे. डोंगराळ भागासाठी तसे यंत्र हवेच असेल, तर ते तेथेच भाड्याने घेऊन तेथेच परत करावे.

रस्त्याने युरोपला जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठी आणखी एक बाब आहे. २०२३ मध्ये १९५० सालची एक एमजी वायटी अहमदाबादहून निघून इंग्लंडला पोहोचली, तेव्हापासून हा उत्साह आपल्याकडेही वाढला आहे. पश्चिम आशिया आणि पूर्व भूमध्य सागराच्या परिसरात अलीकडे उपग्रह संदेश मुद्दाम दडपले किंवा बदलले जातात आणि फोन आपण शेकडो किलोमीटर दूरच्या विमानतळावर असल्याचे दाखवतो. गाडी कितीही तपासली तरी हा दोष दूर होत नाही. तेथे छापील नकाशा आणि रस्त्यावरील पाट्या हाच आधार आहे. ज्या क्षणी बाण अशक्य अंतर उडी मारेल, त्या क्षणी यंत्र बंद करावे.

उष्णता आणि पाऊस

फोन तापला की चार्जिंग थांबवतो आणि पडदा मंद करतो. ही चाचणी करायला सोलापूरसारखे ठिकाण नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना भर दुपारी पंढरपूरच्या रस्त्यावर तासभर तग धरलेली मांडणी दक्षिण युरोपच्या उन्हात सहसा फसत नाही. फोन काचेला चिकटवून ठेवण्यापेक्षा वारा लागेल असा खाली धरावा. पावसाची चाचणी येथे उन्हाळ्यात होणे अवघड आहे, पण उघड्या गाडीत फोनसाठी पारदर्शक पिशवी आणि यूएसबीच्या तोंडासाठी रबरी टोपी सोबत असावी. ओल्या तोंडात चार्जर लावला, तर फोन चार्जिंग नाकारतो आणि दोष पुन्हा गाडीचा वाटतो.

दौरा संपून गाडी परतीच्या कंटेनरमध्ये चढवताना कन्व्हर्टरचा फ्यूज आठवणीने काढून ठेवावा. फोन जोडलेला नसतानाही कन्व्हर्टर थोडी वीज ओढत राहतो. पंधरा मिलीअँपिअर धरले, तरी महिन्याला सुमारे अकरा अँपिअर-अवर जातात आणि महिना-दीड महिन्याच्या समुद्रप्रवासात छोट्या गाडीची बॅटरी निम्मी रिकामी होते. बॅटरीचे टर्मिनल सोडवूनच गाडी पाठवली जात असेल, तर हा प्रश्न उरत नाही. मात्र न्हावाशेव्याला टर्मिनल पुन्हा जोडताना अर्थिंगची बाजू खणातल्या कागदावर पाहूनच जोडावी.